आत्या छबूबाई हिच्या नावे, करवंदाच्या बरण्यांसह

मी, गोरक्ष निवृत्ती आवारी, वय २७, शिक्षण नववी, धंदा शेती, राहणार भंडारदरा धरणाखालची वाडी, ता. अकोले, जि. अहिल्यानगर, हे मृत्युपत्र स्वतःच्या अक्षरात लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. कोणाचा दाब नाही. अक्षर थरथरले आहे ते दम्याच्या पंपामुळे. असा खुलासा लिहावा, असे दत्तोपंतांनी सांगितले. ते कोर्टातले निवृत्त कारकून, सावेडीला राहतात. त्यांच्या पत्नी शोभाकाकू आणि माझी आत्या दवाखान्याच्या एकाच वॉर्डात आहेत. आम्ही दोघे बाहेरच्या बाकावर असतो.

"सत्तावीस वर्षांचा मुलगा सहासष्ट वर्षांच्या बाईच्या नावे करतोय," ते म्हणाले. "उलटं असतं रे हे."

"उलटंच व्हायला हवंय, काका."

"जिवाचं काही बरंवाईट करायचं मनात नाही ना?"

नाही. तेही लिहून ठेवतो. पण दमा मलाही आहे, गेल्या महिन्यात दोनदा उठला, आणि वाडीपासून मोठा दवाखाना लांब आहे.

कलम १. दोन खोल्यांचे घर, पडवी व परसातल्या करवंदाच्या जाळ्या माझी आत्या छबूबाई हिला. आई गेली तेव्हा मी दीड वर्षाचा होतो. आत्या सासर सोडून आली ती परत गेली नाही.

कलम २. पोस्टातले खाते तिलाच. तिला सही येते, अंगठा घेऊ नये. गेल्या पावसाळ्यात मी तिला अक्षरे शिकवली. घरातल्या प्रत्येक डब्यावर चिठ्ठी लावली. मीठ. हळद. साखर. ऱ्हस्व-दीर्घ तपासून लिहिले, कारण पहिल्यांदा चुकीचे शिकले की ते जन्मभर राहते.

कलम ३. करवंदाच्या वाईनच्या तीन काचेच्या बरण्या. दत्तोपंत म्हणाले, "हे नको लिहूस, पोलिसांना आमंत्रण आहे." आहे ते लिहितो. घरापुरती केली, विकली नाही. परवाना नाही, म्हणून पुढेही कोणी विकू नये. बरण्या आत्याच्या. वाईन ठेवायची की ओतायची, ते ती सांगेल. तिनेच सांगावे.

कलम ४. ग्रॅमचा वजनकाटा चुलतभाऊ हर्षल याला. हा काटा आणला तेव्हा तो सगळ्यांसमोर म्हणाला होता, "सोनं तोलतो का रं? शाळा सुटली पन मास्तरकी सुटली न्हाई." दोन वर्षे मी त्याच्याशी धड बोललो नाही. शनिवारी त्यानेच जीप काढली. घाटात आत्याचे डोळे मिटायला लागले की ओरडायचा, "आत्ये, डोळे उघड, न्हाईतर गोरख्या माज्यावर निबंध लिहील!" आत्याच्या तोंडावर हसू आल्यासारखे झाले. माझा राग मी मागे घेत आहे.

कलम ५. माझ्यामागे कोणी बरण्या धुणार असेल तर त्याच्यासाठी. पहिल्या वर्षी मी बरण्या नुसत्या राखेने घासल्या आणि सगळ्या वाईनचा शिरका झाला. म्हणून केएमएस पावडर आणली. सरबत टिकवायला वापरतात तीच, पण बरण्यांसाठी कडक लागते. एक लिटर थंड पाणी. पाणी आधी. त्यात दहा ग्रॅम पावडर, दहा ग्रॅम लिंबूसत्त्व. गरम पाणी घेऊ नये. अंगणात करावे, वाऱ्याकडे पाठ करून. भांड्यावर वाकू नये, वाफ छातीत बसते. दमेकऱ्याने तर हे करूच नये. मी केले. बरणी आतून सगळीकडून ओली करावी, दहा मिनिटांनी उपडी घालून निथळू द्यावी. उरलेले त्याच दिवशी लांब ओतून टाकावे.

उरलेले मी ओतले नाही. पेलाभर होते. मापून केलेले फेकणे जिवावर आले. स्वच्छ बाटलीत भरले, बूच लावले आणि चिठ्ठी डकवली. चिठ्ठीवर लिहिले, 'औषध'.

पुडी देताना दुकानदार तसेच म्हणाला होता. त्याला दोष देत नाही. आमच्याकडे फवारायचे तेही औषध, उंदरांना घालायचे तेही औषध. औ ला दोन्ही मात्रा दिल्या, ष पोटफोड्या काढला. शब्दात एकही चूक नव्हती.

मी रानात होतो. आत्याची छाती भरून आली होती. आधी ती कोणत्याही बाटलीला हात लावायची नाही, मला हाक मारायची. या वेळी तिने हाक मारली नाही. दोन चमचे घेतले. मी आलो तेव्हा ती उंबऱ्यात बसून श्वास ओढत होती.

"आत्ये, काय घेतलं?"

"औ... षध," ती म्हणाली. "वाचलं की म्या. तूच शिकवलं न्हाई का."

ते कौतुकाने म्हणाली. हे मला कोणाला तरी सांगायचे होते.

कलम ६. घरातल्या चिठ्ठ्या कोणी काढू नयेत. काल सिस्टर पंकजा यांनी तिला भिंतीवरची पाटी वाचायला सांगितली. आत्याने मान फिरवली. नळीखालून म्हणाली, "मला न्हाई येत वाचाया." येते. कृपा करून तिला पुन्हा विचारावे.

कलम ७. दत्तोपंत म्हणतात, लाभार्थी आधी गेला तर पुढे कोण, हे लिहावेच लागते.

"लिही बाबा कोणाचं तरी नाव. हर्षलचं लिही."

"नाही."

"मग त्या परिस्थितीत हा कागद फुकट जाईल."

आज पाचवा दिवस. डॉक्टर म्हणतात, अजून काही सांगता येत नाही. म्हणून पूर्ण विचारांती लिहितो: छबूबाई माझ्याआधी गेली तर हा कागद फुकट जावा. दुसरा वारस मी नेमलेला नाही.

येथवर लिहिलेले वाचून, समजून खाली सही केली.

गोरक्ष निवृत्ती आवारी

साक्षीदार, ज्यांना यातले काही मिळत नाही:

१. दत्तोपंत, निवृत्त कारकून, सावेडी. (कलम ७ बदलण्याविषयी मी तीनदा विचारले. ऐकत नाही.)

२. पंकजा, परिचारिका.

ठिकाण: अहिल्यानगर
दिनांक: ९ जुलै २०२५