दुकानात येण्याची गरज नाही

भिवंडी,
शनिवार, दुपार

तीर्थस्वरूप आक्कास,

धाकट्या तुळशीरामाचा वाकून नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? अकलोलीच्या गरम पाण्याच्या कुंडात पाय सोडून बसतेस, की नुसती काठावर बसून गावभरच्या सुनांची चौकशी करतेस? फोनच केला असता, पण फोनवर तुला माझं ऐकू येत नाही आणि तुझं ओरडणं माझ्या शेजाऱ्यांना ऐकू येतं, म्हणून पत्र.

मी मजेत आहे. (हे वाक्य पत्रात लिहायचं असतं.) तुला ठाऊकच आहे, दिवाळीत मृणाली पुण्याहून आली आणि पॉवरलूमच्या सुट्या भागांचं आपलं दुकान तिने कॉम्प्युटरवर चढवलं. पोटची पोर, त्यात इंजिनियर. नाही कसं म्हणणार? आणि खोटं कशाला बोलू, धंदा सुधारला. कुठला भाग कुठल्या फळीवर हे कॉम्प्युटर सांगतो, माल संपत आला की आधीच बोंब मारतो, आणि कुणाचा लूम दिवसभर अडून राहत नाही.

पण पूर्वीची रीत आठव. लूम अडला की मालक मोडका भाग फडक्यात बांधून स्वतः यायचा, बाकावर टेकायचा, आणि मी चष्मा पुसत, फळ्या धुंडाळत तसलाच भाग शोधायचो. तोवर चहा, विजेला शिव्या, सुताच्या भावाला शिव्या, मग आपापल्या व्याह्यांना. भाग मला बघताक्षणी ओळखू यायचा, पण लगेच काढून दिला तर माणूस लगेच उठून जाणार ना! आता फोटो येतो आणि रिक्षावाला हितेश पुडी पोचवतो. बाकावर मांजर झोपतं (तेही कंटाळून शेजारच्या बेकरीत जातं). मृणालीची आई गेल्यापासून घरात बोलायला कुणी नव्हतं, आता दुकानातही नाही. फार एकटं वाटतं गं.

खरा घोटाळा पुढेच आहे. मृणालीने सगळ्या गिऱ्हाइकांना माझ्या नावाने मेसेज धाडला, 'आता दुकानात येण्याची गरज नाही. घरबसल्या माल मागवा.' लोक खूश झाले. आपला अब्दुर्रहमान मात्र (जो मालासाठी नाही, रोज चहासाठी यायचा, आणि तुला बहीण मानून ईदला शीरखुर्मा धाडतो) फुगून बसला. त्याने उत्तर लिहिलं, 'ठीक हाय तुळशी, समजलो.' त्यावर यंत्राने परस्पर आभार मानले आणि आणखी मदत हवी असल्यास १ दाबा, असं सांगितलं. भल्या माणसाने १ दाबला. यंत्राने त्याला लूमच्या धोट्यांचे भाव पाठवले! तेव्हापासून तो मशिदीला जातानाही आमची गल्ली टाळून लांबचा वळसा घालतो. मी समजूत काढायला जाणार होतो, पण मीच का जावं? मेसेज मी थोडाच लिहिला? (आणि गेलो, आणि त्याने दारातूनच 'काय काम हाय?' विचारलं तर?)

बाकी सर्व क्षेम. मृणालीला यातलं काही कळवू नकोस, ती लगेच तक्रारीचं बटण करून देईल.

तुझा धाकटा,
तुळशीराम

ता. क. गुडघे दाखवायला इकडे ये, इथला डॉक्टर चांगला आहे. खरं सांगायचं तर डॉक्टर हे निमित्त. तू आलीस की अब्दुर्रहमान तुला भेटल्यावाचून राहायचा नाही, आणि तू मुक्काम दुकानातच ठोक.

आणखी ता. क. पाकीट चिकटवत होतो, तेवढ्यात फोन वाजला. ऑर्डर: धोट्याला टोला मारतो तो पिकर, नग एक. मागवणार अब्दुर्रहमान. अगं, याने सगळे लूम भंगारात काढून वर्षं झाली! खाली सूचनेच्या रकान्यात लिहिलंय, 'तुळशीने स्वतः आणून द्यावा. दुसऱ्याच्या हातून घेणार न्हाय.' तू सवडीने ये, मी निघालो. पिकर तळहातावर मावेल एवढाच आहे आणि बसवायला त्याच्याकडे लूम नाही, तरी संध्याकाळपर्यंत वेळ जाईलसं दिसतं.