दोनला निघून पाचला पोचणार

३ फेब्रुवारी
जावयाने, सुमंतने, विमानाचं टाइमिंग पाठवलं. बेंगळुरू दुपारी दोन, सॅन फ्रान्सिस्को संध्याकाळी पाच. तारीख तीच. म्हणजे तीन तास! आणि लोक अमेरिका अमेरिका करून जीव खातात.

४ फेब्रुवारी
लेकीचा, रम्याचा फोन. पहिलंच बाळंतपण, भीती वाटते, महिनाभर आधी ये म्हणे. महिनाभर येऊन काय तुझ्या भिंती बघू? इथे लग्नाचे ब्लाउज पडलेत शिवायचे. डॉक्टरने दिलेल्या तारखेचंच तिकीट काढ म्हटलं. सुमंत मध्येच, आई, चौदा हजार किलोमीटर आहे. फोन ठेवला. चौदा हजार रस्त्याने असतील. विमानाला कुठली वळणं?

रात्री आमचे हे म्हणाले, सोयरा, मला इथल्या इथे पीण्याच्या कारखान्यातून घरी यायलाच दोन तास लागतात की गं. म्हटलं, वर सिग्नल नसतात.

९ फेब्रुवारी
विहीणबाई आल्या, प्रेमाबाई. अक्का, मी जाऊ का पुढे, मला सवड आहे. असेल सवड! पहिलं बाळंतपण आईनेच करायचं. सासू आधी पोचली तर आमच्या तोंडाला काळं. तोंडावर सांगितलं. सरी, बरं, म्हणाल्या, पण लवकर निघा, फार लांब आहे. दोनदा जाऊन आल्यात ना, त्याचा तोरा.

१ मार्च, सकाळ
रम्याला कळा सुरू. फोनवर रडत होती. म्हटलं स्वल्प दम धर, आज पाचला तुझ्याजवळ असते. मऊ भात करून डब्यात भरला. गरमच पोचेल.

१ मार्च, विमानात
पाच वाजून गेले. विमान उतरायचं नाव घेत नाही. विमानातल्या पोरीला विचारलं. आणखी तेरा तास, मॅडम. तिकडची घड्याळं मागे असतात. मी म्हटलं, ते ठाऊक आहे मला.
ठाऊक नव्हतं.

अजून विमानातच
सगळे झोपलेत. फोन लागत नाही. डबा उघडला, भात आंबलाय. प्रेमाबाई गेल्या असत्या तर कुणीतरी जवळ असतं पोरीच्या. मीच अडवलं. विमान थांबवा म्हणून कुणाला सांगू?

१ मार्चच अजून, दवाखाना
मुलगी झाली. मी समुद्रावर होते तेव्हाच. सुमंतच्या मित्राने मला इथे आणून सोडलं. प्रेमाबाईंचा व्हिडिओ कॉल चालूच होता. अक्का, तुम्ही जवळ होता ना, विचारलं त्यांनी.
मी म्हटलं, विमान लेट झालं.
सुमंत म्हणाला, लेट? अहो आई, ते तर वेळेच्या आधी...
रम्याने त्याचा हात दाबला. हो अत्ते, लेटच झालं, सासूला म्हणाली. ओरडून ओरडून घसा बसला होता तिचा, शब्द नीट फुटत नव्हता. तेवढ्यातला एक माझ्यासाठी खोटं बोलायला वापरला.