आत्या काय म्हणाली

३ डिसेंबर, पेण
परदेशी सरकारच्या जैवविविधता निधीकडून बाई आल्या. आमच्या संस्थेच्या कांदळवन प्रकल्पाला पैसे द्यायचे का, ते त्या ठरवणार. आत्याच्या गावी नेलं. काही वर्षांपूर्वी खाडीचा बांध फुटून तिच्या भातशेतात खारं पाणी शिरलं. आता तिथं कांदळवन. बगळे, खेकडे. बाई खूश. सोबत आमच्या ऑफिसचे सर. दुभाषी मीच.
आत्या म्हणाली, "सांग गो त्यांना. झाडांशी आमचं वैर नाय, पन बांध बांधून द्या. आमचं शेत आमाला पायजे."
मी इंग्रजीत म्हटलं, हिला ही झाडं हवी आहेत. गाव तुमच्या बाजूनं आहे.
बाईंनी तिचे हात हातात घेतले. आत्याचे डोळे भरले. मी दुसरीकडे बघत राहिले.

४ डि., वरसे
नवरा शिफ्टला निघताना त्याला सांगितलं. मिलिंद म्हणाला, "निधी नाही आला तर ऑफिसच बंद होईल तुमचं." खरंय. तरी...

१९ डि.
मंजूर! ऑफिसात पेढे. आत्याचं शेत प्रकल्पाच्या हद्दीत. म्हणजे बांध होणं नाही. पेढा पर्समध्ये टाकला.

२७ डि.
आत्या एसटीनं वरशाला आली, वालाच्या शेंगा घेऊन. "तुझ्यामुळं मंजूर झालं गो. बाईनं हात धरला तवाच समजले. पावसाच्या आत होईल ना बांध?"
मी 'बघू' म्हटलं. बघू!

८ जाने., पेण
सरांना म्हटलं, मी त्या दिवशी चुकीचं भाषांतर केलं.
"मला मराठी येतं," सर म्हणाले. "मी तिथंच उभा होतो."
फाइल उघडली त्यांनी.

११ जाने.
आत्याकडे गेले. सगळं सांगितलं. ती अंगणात भांडी घासत होती, थांबली नाही.
"म्हंजे तिला वाटलं, मी आनंदानं रडले?"
हो म्हटलं.
जेवून जा म्हणाली नाही. असं कधीच झालं नव्हतं.

१६ जाने., पेण
ऑनलाइन मीटिंग. शेवटी बाईंनी विचारलं, त्या शेतावरच्या बाई कशा आहेत?
मी म्हटलं, त्यांना तुमच्याशी बोलायचंय. त्या दिवशी त्या वेगळं बोलल्या होत्या, मी वेगळं सांगितलं.
सर घाईनं म्हणाले, नेटवर्क खराब आहे, आवाज तुटतोय.
"मला नीट ऐकू येतंय," बाई म्हणाल्या. "कधी बोलूया?"
बाहेर येऊन आत्याला फोन लावला. तीनदा कट केला तिनं. उद्या सकाळच्या एसटीनं जाते. सर केबिनमध्ये बोलावतायत.