पाचवा वायसर

तीर्थरूप अण्णा,

तुम्ही जाऊन आठ महिने झाले. या काळात तुम्हाला लिहावे असे कितीदा तरी वाटले; पण लिहिण्याजोगे कारण काल दुपारी हाती आले. तांब्याची एक चपटी कडी, तुमच्या भाषेत वायसर. काजळीने काळवंडलेला तो वायसर या कागदाशेजारीच ठेवला आहे. तो कुठून निघाला, ते क्रमानेच सांगते. क्रम चुकलेला तुम्हाला कधी चालला आहे का!

तुमची गाडी भंगारात निघाली होती, अण्णा. वर्षभर ती धूर ओकत होती. सकाळी चालू व्हायला दहादा विनवावे लागे. अण्णांबरोबर गाडीही थकली, असे म्हणून संजयने येत्या सोमवारी भंगारवाल्याला बोलावले. बेदाण्याच्या शेडमध्ये उभ्या असलेल्या त्या बंद गाडीचे दार उघडून आई पुढच्या सीटवर, तुमच्या शेजारच्या आपल्या जागेवर, नुसत्या बसून राहिल्या. ते पाहिले आणि मी तुमच्या मुलाकडून दोन दिवस मागून घेतले.

आठवते का, याच शेडमध्ये तुम्ही मला पहिल्यांदा इंजिनात डिझेल फवारणारा इंजेक्टर काढायला लावला होता? सांगलीच्या तंत्रनिकेतनात मी दहा वर्षे इंधनप्रणाली शिकवत होते. फळ्यावर डिझेलचा फवारा किती सुबक काढत असे मी! हात मात्र कोरेच होते. तुम्ही तुमचा जुना पांढरा पंचा जमिनीवर अंथरलात आणि निघेल तो भाग निघेल त्या क्रमाने डावीकडून उजवीकडे मांडायला सांगितलेत. नट, क्लिप, रबरी रिंग, इंजेक्टर, वायसर. लष्कराच्या वर्कशॉपमधून निवृत्त होताना तुम्ही हीच शिस्त घरी आणली होती.

मी चारही इंजेक्टरांना नवे वायसर चढवले आणि ते बसवायला निघाले, तेव्हा तुम्ही एवढेच विचारलेत, "जुनं किती आलं बाहेर?"

नवे चारही नीट बसले आहेत, असे मी सांगू लागले. तुम्ही पंचाकडे बोट दाखवलेत. जुने तीनच होते.

चौथा खाली, इंजेक्टर बसतो त्या भोकाच्या तळाशी चिकटून राहिला होता. मी मोठ्या उत्साहाने कॉलेजातून आणलेले लांब दांड्याचे चुंबक आत सोडले आणि पाच मिनिटे ते फिरवत बसले. तुम्ही शांतपणे पाहत होता. मग म्हणालात, "तांब्याला चुंबक धरत न्हाई, म्याडम. कालेजात सांगत न्हाईत व्हय?"

आई इतक्या हसल्या, की त्यांना भिंतीला टेकावे लागले. अण्णा, पाच मिनिटे आधी सांगितले असते तर काय बिघडले असते? एवढी तक्रार आजही आहे माझी!

मग तुम्ही भोकात डिझेलचे दोन थेंब सोडलेत आणि चहा पीत बसलात. काजळी भिजल्यावर कडब्यातले ज्वारीचे एक धाट घेऊन त्याचे टोक निमुळते तासलेत, त्याला ग्रीस लावलेत आणि ते वायसरच्या छिद्रात दाबून अलगद वर ओढलेत. लोखंडी हुकाने, वायसर टेकतो त्या तळाच्या बैठकीवर ओरखडा पडला असता. धाट कशालाच इजा करत नाही. जुना वायसर का काढायचा, ते मी तेव्हापासून दरवर्षी वर्गात किती आनंदाने समजावते! नवे तांबे मऊ असते. ते एकदाच दाबले जाते आणि बैठकीतली बारीक फट बुजवते. दुसऱ्यांदा तेवढे दबत नाही. म्हणून जुना वायसर टाकायचा. तो खालीच राहिला, तर इंजेक्टर त्याच्या जाडीइतका वर बसतो, फवारा चुकतो, वायू निसटतो आणि गाडी धुरावते.

काल मी तोच पंचा अंथरला. नळ्यांची उघडी तोंडे फडक्यांनी झाकली. चार इंजेक्टर निघाले, त्यांच्यासोबत जुने वायसरही चार आले. हिशेब जुळला. नव्या वायसरची पुडी मी फोडलीसुद्धा. पण तिसऱ्या इंजेक्टरभोवती काजळीचे कडे होते, आणि त्याचा वायसर बाकीच्या तिन्हींपेक्षा नवा दिसत होता. असे का असावे? मी धाट तासून आणले. इतर भोकांत ते तळाशी सरळ घसरले. तिसऱ्यात एका कडेला अडले. दोन थेंब सोडले. चहा प्यायले. मग ओढले.

पंचावर पाचवा वायसर आला.

आपण दोघांनी केलेल्या त्या कामानंतर फक्त तिसराच इंजेक्टर पुन्हा निघाला होता, अण्णा. गेल्या वर्षी, द्राक्षांच्या छाटणीच्या दिवसांत. तुम्ही एकट्याने काढला होता. त्याआधी तुम्ही फोन केला होता: "रविवारी येऊन जरा मोजशील का? डोळ्याला नीट दिसंना झालंय." मला पेपर तपासायचे होते. पुढच्या रविवारी येते, म्हणाले. तोवर तुम्ही काम उरकले होते; जुना आतच राहिला आणि त्याच्यावर नवा बसला. आणि मी आले, जेवले, गप्पा मारल्या. पण जुना बाहेर आला का, हे विचारले नाही. तुम्ही मला विचारलेला तो साधा प्रश्न मी तुम्हाला का नाही विचारला?

तरीही काल मला रडण्याआधी कृतज्ञताच वाटली. तुमच्या हाताखालून गेलेले मेकॅनिक तालुकाभर आहेत. डोळ्यांचे तुम्ही संजयलाही कळू दिले नव्हते. मोजायला मात्र मला बोलावलेत.

आईंना सगळे सांगितले. त्यांनी वायसर तळहातावर घेतला, उलटसुलट पाहिला. "म्हंजे त्यांचंबी चुकलं व्हय?" त्या म्हणाल्या. मग पदराने त्याची काजळी पुसत बसल्या. "बरं झालं. लय तोरा हुता."

नवे वायसर, नव्या रिंगा बसवल्या. गाडी पहिल्या फटक्यात चालू झाली. थोड्या वेळाने धूरही विरला. भंगारवाल्याला येऊ नको म्हणून संजयनेच कळवले, आणि काल संध्याकाळी आईंना पुढच्या सीटवर बसवून मिरजेपर्यंत फिरवून आणले.

आता वचन देते. माझ्या प्रयोगशाळेत एकाने काढायचे आणि दुसऱ्याने मोजायचे, आणि मोजणी जुळली तरी तळ चाचपायचा, हा नियम उद्यापासून. आणि कोणी मला मोजायला बोलावले, तर "पुढच्या रविवारी" हे शब्द माझ्या तोंडून निघणार नाहीत.

आज रविवार आहे, अण्णा. यायला उशीर झाला. पण मोजून झाले आहे.

तुमची सून,
वैशाली, म्हणजेच तुमची म्याडम