गुड्डी तोंड काहून झाकते

गुड्डीचे बाबा,

मी गुड्डीले घेऊन सकाळच्या एसटीनं भंडाऱ्याले डॉक्टरकडे जाऊन राहिली. भात-भाजी झाकून ठेवली आहे. म्हशीले पाणी पाजजा.

तीन दिवसांपासून पोरगी तुमच्यापुढं तोंडावर टॉवेल घेते, म्हणून काल तुम्ही हात उगारला. ती नाटक नाही करत. आज तिची वेणी घालताना मी विचारलं, "काहून घेतेस?" तर म्हणते, "बाबांनीच म्हटलं, मले तोंड दाखवू नको."

तुम्ही रागात बोलले, तिनं ते जसंच्या तसं धरलं. शाळेत पोरं तपासायले येणाऱ्या मॅडमनं सांगितलं होतं, हिले अ‍ॅस्पर्जर असेल, अशी पोरं बोललेलं शब्दशः धरतात, डॉक्टरले दाखवा. मी दोनदा सांगायले आली, तर "लाडानं बिघडली" म्हणून तुम्ही उठून गेले. मग मीही थकून चूप राहिली. ते चुकलंच माझं.

सांजच्या गाडीले स्टँडवर येजा. तुम्हाले पाहताच ती टॉवेल घेईल. चिडू नका, हसू नका. साफ शब्दांत म्हणजा, "गुड्डी, टॉवेल काढ. मले तुझं तोंड पाहायचं आहे."

मी सांगून पाहिलं. म्हणते, "तू नाही, बाबांनी म्हटलं होतं."

भावना