विरजणाची वाटी

३ डिसेंबर, मार्गासनी
अंगणवाडीच्या ताईंनी वाटेत थांबवलं. "आबा, सई हाक मारली तरी वळत न्हाई. बोलत बी न्हाई. भोरला दाखवून या एकदा." साडेतीन वर्षांची नात माझी. मी ताईंवरच तापलो. घरी आलो तर पोरगी मोबाईलपुढं आ वासून बसलेली, सूनबाई घास भरवतेय. हा नाद लावला कुणी? मीच. रडत नाही, गुमान जेवते म्हणून.

५ डिसें.
भोर. सकाळची एस.टी. जन्म कंडक्टरकीत गेला, आज तिकीट घेताना सुटे पैसे दोनदा मोजले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, कान ठणठणीत. मोबाईल बंद करा, माणसांत सोडा, महिन्यानं या, मग बघू. "मग बघू" म्हणजे काय, ते विचारायचं धाडस झालं नाही.

६ डिसें.
मोबाईल कपाटात. पोरीनं घर डोक्यावर घेतलं. जेवली नाही.
दुपारभर जुनं आठवत बसलो. आम्हाला कुणी शिकवलं बोलायला? दिवेलागणीला आई हातात वाटी द्यायची, जा, विरजण आण. निरोप दोनदा म्हणून घ्यायची. वाटेत चार दारं. कुणाचा रं तू? आई काय करती? उत्तर दिल्याबगर सुटका नाही. काय दिवस होते ते!

७ डिसें.
सईच्या हातात वाटी दिली, शेजारच्या शेवंतावहिनींकडं धाडली. पाच मिनिटांत विरजण घेऊन हजर! मी हरखलो. मग कळलं, सूनबाईनं वहिनींना आधीच व्हॉट्सॲप केलेलं. "पोर ताटकळायला नको म्हणून, आबा." कपाळ माझं!

८ डिसें.
वहिनींना बजावलं, तोंडानं मागितल्याबगर थेंब द्यायचा नाही. "लई कठोर हाय तुमी, भावजी." पण कबूल झाल्या. वाटी रिकामी परत.

११ डिसें.
चौथा दिवस. रिकामी. घरात दूध आहे, दही नाही, ताक नाही. मुलगा शिरवळच्या कंपनीतून आला तो चिडूनच. "एवढ्याशा पोरीची परीक्षा कसली घेताय?" त्याचंही खरं. मलाही आतून भीती वाटतेय, हिला हे जमलंच नाही तर...

१४ डिसें.
आज पोरगी लवकर परतेना. ओट्यावरून डोकावलो. वहिनींच्या उंबऱ्यात उभी. वहिनी तांदूळ निवडत बसलेल्या, मुद्दाम मान खाली. मग सईनं वाटी त्यांच्या मांडीवर आपटली अन् ओरडली, "ए!"
एवढंच. पण बघत होती सरळ त्यांच्या तोंडाकडं. असं तिनं माझ्याकडंही कधी बघितलेलं नाही. वहिनींनी वाटी भरून दिली. मी तिथंच रडलो, लाज कसली.
सूनबाई विचारते, "आबा, ह्याला बोलणं म्हणायचं का?" म्हटलं, महिना भरायला अजून तीन आठवडे आहेत.
आत्ताच वहिनींचा निरोप आला. उद्या नुसत्या "ए"वर विरजण द्यायचं की नाही?