नऊ वर्षं बाटल्याच

जळगाव, मंगळवार, डिसेंबर

जेवण झालं, तरी जीव थाऱ्यावर नाही. शनिवारच्या भरीत पार्टीची यादी आज ऑफिसच्या ग्रुपवर आली. पाटीलभाऊंकडे कळण्याच्या भाकरी, चौधरी मॅडमकडे लोणचं, माझ्याकडे पाण्याच्या सीलबंद बाटल्या. नऊ वर्षं बाटल्याच. आणि शिंदखेड्याहून आलेल्या, नव्यानं लागलेल्या ज्योतीकडे कागदी प्लेटा. "ताई, आपल्या दोघींच्याच घरचं काही कसं नाही?" तिनं विचारलं. मी म्हटलं, योगायोग. का म्हटलं असं?

संध्याकाळी राहवलं नाही. वेगवेगळ्या ऑफिसांतल्या आम्हा दलित नोकरदारांचा एक ग्रुप मी दिवाळीत काढलाय. आजवर तिथे नुसतं 'जय भीम' आणि बदल्यांचे नियम. आज विचारलं, तुमच्या पार्टीला तुम्ही काय नेता? शाळेतले सर म्हणाले, केळीची पानं. रावेरच्या नर्सबाई, पाण्याचा जार. धुळे डेपोतले नाना, "मन्हाकडे बठ्ठं बाजारनंच शे, बेटा."

सगळ्यांकडे सगळं बाजारचंच, म्हणजे योगायोग नाहीच. पण हे कोणी साहेबांना दाखवलं तर? बढतीचं वर्ष आहे माझं.

तरी आत्ता ऑफिसच्या ग्रुपवर लिहून टाकलं: या वेळी बाटल्या दुसरं कोणी आणा, भाकरी मी आणते. सगळ्यांनी वाचलं. पुसून टाकावं म्हणून फोन हातात घेतला, तेवढ्यात त्याच ग्रुपवर ज्योतीचा मेसेज आला: "आणि ठेचा मी. घरचा."

पोरीचं प्रोबेशन अजून संपलेलं नाही. आता मला बाटल्यांकडे परत फिरता येणार नाही.